चावलेला घास

पेजेत बुडवलेला वाफेचा पाव शेन मास्तर नेहमीसारखा मान खाली घालून, ओठ मिटून, आवाज होणार नाही अशा बेतानं चावत होते. तेवढ्यात समोरच्या उंच खुर्चीत पट्ट्यानं बांधून बसवलेली ती दीड वर्षाची पोर पुढं वाकली आणि त्यांच्या तोंडासमोर आपलं तोंड उघडून थांबली. रडली नाही, हात पुढं केला नाही. नुसतं तोंड उघडलं. खाली चार दात, वर दोन, मध्ये कोरडी पांढुरकी जीभ, आणि त्या सगळ्या उघडेपणात एक प्रकारची खात्री. मास्तरांचा जबडा जागच्या जागी थांबला. तोंडातला घास एकाएकी त्यांना परका वाटला, कुणाच्या तरी तोंडातून काढून आपल्या तोंडात ठेवल्यासारखा. त्यांनी तोंडावर हात धरला, खुर्ची वळवली आणि डोळे मिटून घास कसाबसा खाली ढकलला. पुन्हा पाहिलं तेव्हा पोरीचं तोंड उघडंच होतं. त्यांचा गळा हललेला तिनं पाहिला असावा. कारण मग तिनं ते सावकाश मिटलं आणि खिडकीकडे बघत बसली.

"तिला तुमचा पाव हवा होता!" टेसा ओरडली. ही पोरीला दत्तक घ्यायला आलेल्या अमेरिकन जोडप्याची नऊ वर्षांची मुलगी. तिच्याजवळ शाळेनं दिलेली एक जाड वही होती आणि त्या वहीत चीनबद्दल रोज पाच गोष्टी लिहायच्या असा तिला नेम होता. दह्याची वाटी घेऊन परत येत असलेली तिची आई मार्लीन हे ऐकून धावलीच. "खरंच? मिस्टर शेन, तिनं मागितला?" मास्तर काही बोलायच्या आत तिनं पावाचा तुकडा मोडून पोरीच्या ओठांना लावला. ओठ मिटले. मान फिरली. मग चमच्यानं पेज. ती हनुवटीवरून ओघळून लाळेऱ्यात गेली. मग कुस्करलेलं केळं, मग दही, मग बाटली. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका खाणं थांबवून बघत होत्या. त्यांतली एक मोठ्यानं म्हणाली, "अगं, पोरीच्या अंगात कपडे किती कमी घातलेत बघ! थंडीनं पोट धरलं असेल तिचं." मार्लीननं आशेनं मास्तरांकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?" मास्तर म्हणाले, "मुलगी गोड आहे म्हणतात." भाषांतर करताना असं काहीतरी त्यांच्या हातून नेहमीच व्हायचं. समोरच्याला खरचटेल असा शब्द आला की ते तो पुसून, स्वच्छ करून पुढं देत. छोटी छ्यू, म्हणजे ज्या संस्थेकडून ते हे काम करत तिथली व्यवस्था बघणारी तिशीतली बाई, त्यांना तोंडावर म्हणायची, "मास्तर, तुम्ही भाषांतर करत नाही, कपडे धुता."

सोमवारी दुपारी पोर ताब्यात मिळाली होती. आज बुधवार. एवढ्या वेळात तिच्या पोटात साखरेचं पाणी आणि पिचकारीनं ओठांच्या फटीतून सोडलेलं थोडं दूध यापलीकडे काही गेलं नव्हतं. काल इस्पितळात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरनं पोट दाबून, घसा बघून सांगितलं, काही झालेलं नाही, भूक लागली की खाईल. पण भूक लागली होती हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. आज दोन वाजता कचेरीत शेवटची सही व्हायची होती. सही झाली की पोर यांची. मार्लीनचा नवरा वॉरन कालपासून ज्या आवाजात फोनवर बोलत होता, तो आवाज मास्तरांनी दुभाषेपणाच्या या सहा वर्षांत आणखी एकदाच ऐकला होता, आणि ते मूल परत गेलं होतं.

मास्तरांनी ताटली बाजूला सारली. आता काही जाणं शक्य नव्हतं. या न्याहारीच्या दालनात येणं ही रोजचीच शिक्षा. चारी बाजूंना तोंडं. अंड्याचा पिवळा बलक ओठाच्या कडेला सुकलेलं तोंड, तेलात तळलेली पिठाची लांब काठी दोन बोटांनी आत सारणारं तोंड, चावता चावता हसणारं, आणि हसताना आतला लगदा दाखवणारं. लोकांना आपल्या तोंडाची लाज कशी वाटत नाही हे मास्तरांना बासष्टाव्या वर्षीही कळलेलं नव्हतं. घरी ते एकटेच जेवत. बायको होती तेव्हाही भिंतीकडे तोंड करून जेवत. ती म्हणायची, "मांजर तरी एवढं लपूनछपून खात नाही." शहराच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं त्यांनी जुन्या पुस्तकांची सूची केली. एक दिवस कुणाला शिकवलं नाही, तरी सगळे मास्तर म्हणत. पुस्तकांना तोंड नसतं, म्हणून आपण तिथं रमलो की काय, असं त्यांना अलीकडे कधी कधी वाटे आणि मग असं वाटण्याचाही वीट येई. माणूस आपल्या स्वभावाला कारणं शोधायला लागला की समजावं, त्याच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही.

काल संध्याकाळी छोट्या छ्यूनं त्यांना संस्कृती दाखवली होती. तिच्या कागदावर तसंच लिहिलेलं असे: मंगळवार, संस्कृती. आधी हातकागदाच्या कारखान्यात नेऊन टेसाला लगदा ढवळायला लावला, मग मास्तरांना ब्रश धरून बसवलं. मार्लीनच्या मुठीवर आपली मूठ ठेवून त्यांनी कुटुंब हे अक्षर काढलं. तिच्या मनगटाला पोरीनं ओकलेल्या दुधाचा आंबूस वास येत होता, आणि मार्लीन तोंड भरून हसत होती, पण तिच्या डोळ्यांखालची कातडी सुजलेली होती. मग जेवण. दक्षिणेकडच्या डोंगरातला बुरशी आलेला टोफू, करड्या लवेसकट तळलेला, आणि आठवडाभर मिठात मुरवून कुजवलेला मासा. मासा टेबलावर आला तसा टेसानं नाक धरलं. वॉरननं फोटो काढला. छोटी छ्यू खिदळत म्हणाली, "खा, खा! हा नाही खाल्ला तर आमच्या आन्ह्वी प्रांतात आलात असं कुणी म्हणणार नाही!" आणि त्यांनी खाल्ला. नाक धरून, एकमेकांना हिंमत देत, कुजका मासा त्यांनी मिटक्या मारत संपवला. टेसानं वहीत लिहिलं. मास्तरांनी डोकावून पाहिलं: चीनमधले लोक खराब झालेलं मुद्दाम खातात. पलीकडे ती पोर मांडीवर पडून ताटलीकडून तोंडाकडे, तोंडाकडून ताटलीकडे जाणारे हात नजरेनं मोजत होती. खाल्लेला मासा दिसत होता तिला. न खाल्लेल्याकडे ती बघतच नव्हती. हे मास्तरांच्या ध्यानात आलं होतं. ध्यानात आलं आणि त्यांनी ताबडतोब चहाचा पेला उचलून त्यात बघायला सुरुवात केली होती.

कारण काय चुकतंय हे त्यांना सोमवारपासून ठाऊक होतं.

सोमवारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, उकळत्या पाण्याच्या टाकीजवळ ती बाई उभी होती. बालगृहानं पोर ज्या खेड्यातल्या घरी सांभाळायला दिली होती, तिथली आजी. अशा वेळी सांभाळणाऱ्यांनी यायचं नसतं, उगाच रडारड होते, पण ही पहाटेच्या बसनं आपली आपणच येऊन थांबली होती. निळा कापसाचा कोट, डोक्याला टॉवेल, हातात झाकणाचा कथलाचा डबा. वय मास्तरांएवढंच, फार तर दोन वर्षं जास्त. पोर मार्लीनच्या हातात गेली तशी किंचाळली आणि मग एकदम गप्प झाली, आणि त्या गप्प होण्यानं आजी पुढं आली. तिनं मास्तरांची बाही धरली.

"मास्तर, तुम्हीच ना त्यांचं बोलणारे? त्या बाईला सांगा, आमची छ्याओ बशीतलं खात नाही. आधी आपण चावायचं, चांगला लगदा करायचा, मग द्यायचा. तेवढं सांगा. बाकी काही त्रास नाही तिचा."

मास्तर म्हणाले, "वहिनी, आता दीड वर्षाची आहे ती."

"असू दे की! पोट नाजूक आहे तिचं. आली तेव्हा दूध टिकत नव्हतं. चावून दिलं म्हणून जगली." आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिला वाटलं यांना विश्वास वाटत नाही. तिनं बोट घालून गाल बाजूला ओढला आणि आपलं तोंड त्यांच्यापुढं उघडलं. "पुढचे गेले माझे, पण दाढा बघा. एकही किडलेली नाही. स्वच्छ आहे सगळं. बघा तर खरं!"

मास्तरांनी पाहिलं. बघायचं नव्हतं, तरी पाहिलं. तपकिरी हिरड्या, दोन बाजूंना झिजलेल्या पिवळट दाढा, दाढेच्या खाचेत अडकलेला पालेभाजीचा हिरवा धागा, आणि लसणाचा ऊबदार वास. त्यांना मागच्या मागं जिन्यावर जावंसं वाटलं. "काय सांगतेय ती?" मार्लीननं विचारलं. ती रडत होती, तिला सगळं जाणून घ्यायचं होतं, हातात पेन आणि चिठ्ठी होती. वॉरन बघत होता. कचेरीतला तो टाय बांधलेला कारकून बघत होता. आणि मास्तरांना एकाएकी त्या बाईची, तिच्या टॉवेलची, लसणाची, आपल्या साऱ्या खेड्यांची इतकी लाज वाटली की त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मऊ भात द्या, म्हणते," ते म्हणाले. "हिला मऊ आवडतं." मार्लीननं चिठ्ठीवर मऊ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि आजीला मिठी मारली. आजी त्या मिठीत लाकडासारखी उभी राहिली. खांद्यावरून तिनं मास्तरांना विचारलं, "सांगितलंत ना? चावून म्हणून?"

"सांगितलं," मास्तर म्हणाले.

आता हे सगळं मनात पुन्हा पुन्हा वर येत होतं. बारा वाजून गेल्यावर त्यांनी लिफ्टनं खाली जाऊन हॉटेलच्या दारात उभं राहून पाहिलं, चिनारांची ओली पानं झाडणाऱ्या बाईचा खराटा ऐकला, पण वर आलेलं खाली जाईना. सांगून टाकायचं, एवढंच तर होतं. बाई, माझ्याकडून एक शब्द राहिला. पण मग ती विचारणार, का राहिला? आणि या 'का'ला त्यांच्याजवळ उत्तर होतं ते लाजेचं नव्हतं. लाज हे वरचं. लाजेच्या खाली ते सहसा उतरत नसत.

तेरा वर्षांचे होते ते. ह्वाय नदीच्या काठचं गाव, घरातल्या कढया केव्हाच पोलादाच्या भट्टीत गेलेल्या, गावाच्या सामाईक स्वयंपाकघरातून डावानं मिळेल ते आणायचं. त्या हिवाळ्यात डावाला काही लागेनासं झालं. आई दिवस उजाडला की धरणाच्या खोदाईवर जायची. वडील आधीच वारले होते. घरात ते आणि मेई, चौदा महिन्यांची बहीण. रताळ्याचा सुकलेला वेल आणि कोंडा कुटून केलेली मुठीएवढी भाकर दोघांत मिळायची. मेईला ती जाणं शक्य नव्हतं, घशात काड्या टोचत. आई जाताना सांगायची, "तू चावून दे तिला. बारीक चाव. निम्मी तुझी, निम्मी तिची." ते दाराशी उन्हात बसत. मेई समोर. ते चावत. कोंडा कोरडा, लाळ सुटेना, मग सुटे, मग त्या वेलाचा गोडसर मातकट रस जिभेवर पसरे, आणि मेई पुढं वाकून तोंड उघडे. ती खात्रीनं उघडे. जबडा चावत राही, जीभ घास गोळा करून ओठांशी आणी, इथवर सगळं त्यांच्या हातात होतं. मग गळा. त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं. तो मध्येच उघडे आणि घेऊन टाके. मेईचं तोंड उघडंच. पुढच्या घासाला नक्की, असं ते ठरवत. मनापासून ठरवत, हेच तर भयंकर होतं. पुढचा घास चावताना डोळ्यांत पाणी येई, पाण्यासकट तो खाली जाई. शेवटी बोटाला लागलेली लाळ ते तिच्या ओठांवर पुसत आणि मेई ती चाटे. नव्या वर्षाच्या वसंतसणाआधी नऊ दिवस ती गेली. वजनच राहिलं नव्हतं, आईनं तिला कोटाच्या आत घालून नेलं. आईनं काही विचारलं नाही. गावात तेव्हा कुणी कुणाला काही विचारत नसे.

पण आईला माहीत होतं. हे त्यांना सोळा वर्षांनी कळलं. ग्रंथालयाच्या आवारातली एक खोली मिळाली होती, मुलगी झाली होती, आणि नात बघायला म्हणून आई खेड्यावरून पिशवीत जिवंत कोंबडी घेऊन आली होती. एक दिवस ते दुपारी घरी आले तर आई खाटेवर बसून भात आणि अंडं चावत होती आणि बाळाच्या तोंडात बोटानं भरवत होती. चपचप आवाज येत होता. मास्तरांनी बाळ हिसकावून घेतलं. "घाण! काय घाण चालवलीय ही, आई? शहरात आहोत आपण! लोक बघतील तर काय म्हणतील?" आयुष्यात ते आईवर त्या एकदाच ओरडले. आईनं बाहीनं तोंड पुसलं. तोंडातलं जे होतं ते तिनं गिळलं नाही, तळहातावर काढून घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "हिला तरी पोचू दे."

एवढंच. मग तिनं हात धुतला. तीन दिवसांनी ती परत गेली, आणि पुढं चार वर्षं जगली तेवढ्यात त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही. त्यानंतर मास्तरांना स्वतःच्या तोंडाची शिसारी बसली. दात किडत गेले, तसे त्यांनी न कुरकुरता सगळे काढून टाकले आणि कवळी घेतली. दंतवैद्य म्हणाला होता, एवढे नका काढू, चार राहू द्या. ते म्हणाले, काढा.

खिशातला फोन वाजला. छोटी छ्यू. "मास्तर, कुठं आहात? त्या साहेबांनी मला आत्ताच इंग्रजीत काहीतरी सांगितलं, मला अर्धंच कळलं, पण सूर चांगला नाही. वर जा. आणि हे बघा, मनाचं काही घालू नका, प्लीज. मागच्या महिन्यात त्या कॅनडावाल्या बाईला तुम्ही चहावर अर्धा तास व्याख्यान दिलंत, ती बिचारी बसल्या बसल्या झोपली. मी गाडी घेऊन खाली येतेय. सही करणार की नाही, हो की नाही, एवढं मला सांगा, कचेरीत मला तोंड दाखवायचंय."

"नाही म्हणाले तर?"

"तर पोर परत, आणि यांना दुसऱ्या मुलाची फाइल. काय करणार? आणि खरं सांगू का मास्तर, एकदा परत आलेल्या मुलाच्या फाइलवर तसं लिहितात. मग तिला कुणी मागत नाही."

अकराव्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत पडदे अर्धे लावलेले होते आणि आजारी मुलाच्या खोलीला येतो तसा गोड, कोंदट वास होता. टेबलावर भाताचा वाडगा, वाफवलेलं अंडं, कुणी हात न लावलेलं. टेसा कोपऱ्यात वही मिटून बसली होती. पोर पलंगाच्या मधोमध होती, नव्या गुलाबी कपड्यांत, भिंतीला टेकवून ठेवलेली. वॉरन उठून जवळ आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याची दाढी वाढली होती. "मिस्टर शेन, आम्ही रात्रभर बोललो. आमच्या तिकडच्या डॉक्टरशीही बोललो. या वयाचं मूल तोंडात घेतलेलं चावत नाही, गिळत नाही, हे मेंदूचं असू शकतं म्हणतात. आम्ही तयार नाही त्याला. आम्हाला टेसाचा विचार करायचाय. आज सही नाही करणार आम्ही. हे कचेरीत नीट, चांगल्या शब्दांत सांगा." मार्लीन खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ हलत होती.

चांगल्या शब्दांत. मास्तरांना हसू आलं असतं. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं त्यांनी?

"तिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. "ती आजी. सोमवारी तिनं सांगितलं होतं. भात आधी मोठ्या माणसानं चावायचा, मग तोंडातून काढून तिला द्यायचा. ती तसंच खाते. मी तुम्हाला मऊ म्हणून सांगितलं. तिनं मऊ म्हटलं नव्हतं."

मार्लीन वळली. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग वरचा ओठ किंचित उचलला गेला, नाकपुड्या आत ओढल्या गेल्या. मास्तर या एका भावाला जगातल्या कुठल्याही भाषेत ओळखत. "तोंडातून?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडातून?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं. दोन दिवस ती उपाशी होती आणि तुम्ही आमच्याबरोबर बसून मासा खात होतात."

"हो."

"का?" मार्लीन ओरडली. "का नाही सांगितलंत?"

"मला किळस आली," शेन मास्तर म्हणाले. यापेक्षा स्वच्छ शब्द त्यांना सापडला नाही.

वॉरन काहीतरी बोलत होता, जंतू, कावीळ, हे आपण करायचं नाही, मार्लीन. मार्लीन पलंगावर बसलीसुद्धा होती. तिनं चमचाभर भात तोंडात घातला, दोनदा चावला, पोरीकडे वाकली आणि तिला उमासा आला. ती न्हाणीघराकडे पळाली. आतून ओकण्याचा आवाज आला. पोरीनं तो वाकलेला चेहरा पाहिला होता. ती बसल्या जागी थोडी पुढं सरकली होती. आता ती खोलीत उरलेल्या तोंडांकडे पाळीपाळीनं बघू लागली. वॉरनच्या. टेसाच्या. मग मास्तरांच्या.

मास्तरांनी कवळी जिभेनं घट्ट बसवली. वाडग्यातून भात आणि अंडं घेतलं. थंड होतं, चिकट. पहिल्या चावण्याला नुसता पिठूळपणा आणि कवळीच्या रबराचा वास. मग लाळ सुटली. जास्त चावलं तसा भात गोड व्हायला लागला. तो गोड होतो हे त्यांना माहीत होतं आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. पोर पुढं वाकली, तिनं तोंड उघडलं. लगदा जिभेवर आला. आणि गळा उघडला. बासष्ट वर्षांचं शरीर, पोट भरलेलं, कशाची भूक नाही, आणि तरी तो उघडला, पाठीमागे पायाखालची जमीन सरकावी तसा, आणि सगळं मागं ओढलं जाऊ लागलं. मास्तरांनी हनुवटी छातीला टेकवली. कवळीच्या कडा हिरड्यांत रुतल्या. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. एका हातानं त्यांनी स्वतःचा गळा बाहेरून धरला, कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं हा माणूस स्वतःला मारतोय, आणि दुसऱ्या हातानं चमचा ओठाखाली धरून तोंड उघडलं. करडा, लाळेनं तकाकणारा गोळा चमच्यात पडला. ओठापासून एक तार लोंबली. टेसानं डोळे झाकले. मास्तरांना वाटलं, जगात इतकं ओंगळ आपण दुसरं काही पाहिलेलं नाही.

पोरीनं चमचा तोंडात घेतला. ओठ मिटले. गाल हलले. तिचा गळा, बोटाएवढा, एकदा वर गेला आणि खाली आला.

मग तिनं पुन्हा तोंड उघडलं.

दुसरा घास. तिसरा. प्रत्येक वेळी गळा उघडायचा, प्रत्येक वेळी धरायचा. सवय होत नव्हती. चौथ्याला न्हाणीघराच्या दारात मार्लीन येऊन उभी राहिली, केस ओले, तोंडाला टॉवेल लावलेला. टॉवेलाच्या वर तिचे डोळे मास्तरांच्या हनुवटीवर खिळले होते आणि त्यांत अजून तीच किळस होती, जराही कमी झालेली नव्हती. पण ती डोळे काढून घेत नव्हती. वॉरन म्हणाला, "मार्लीन, मी खाली कळवतो." ती म्हणाली, "थांब." ती पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसली. टॉवेल खाली ठेवला. वाडग्यातून थोडंसं घेतलं, अगदी चिमूटभर, आणि डोळे मिटून चावू लागली, कडू औषध तोंडात धरावं तशी, कपाळावर आठ्या, दोन्ही मुठी आवळलेल्या. पोर मास्तरांकडून तिच्याकडे वळली. वाट बघू लागली. मार्लीननं ते बोटांवर काढलं आणि पुढं केलं, आणि तिची बोटं तोंडात गेली तशी ती पुन्हा ओकणार असं वाटलं, पण नाही ओकली. "दात लागले तिचे," ती म्हणाली. ती असं का म्हणाली ते कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांच्या तोंडात पाचवा घास होता. त्यांनी बटण दाबून फोन कानाला लावला.

"मास्तर! मी खाली आहे. सव्वा वाजला. हो की नाही?"

मास्तरांना बोलता येत नव्हतं.

"हॅलो? मास्तर, ऐकू येतंय ना? करणार आहेत का सही?"

"तिला सांगा आम्ही येतोय," मार्लीन म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "आणि यानंतर या मुलीला तुम्ही हात लावायचा नाही. आता हे तेवढं संपवा."

वॉरननं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि कोट शोधायला लागला.

"शेन मास्तर!" फोन ओरडत होता. "अहो, तोंडात काय मिठाची गुळणी धरून बसलात? बोला की! मी त्यांना काय सांगू?"

गिळलं असतं तर लगेच बोलता आलं असतं. गळा तयारच होता. मास्तरांनी फोन पलंगावर ठेवला, छ्यूचा आवाज गादीत बारीक बारीक होत राहिला. त्यांनी चमचा ओठाशी धरला, तोंड रिकामं केलं, पोरीला दिलं, आणि तिनं गिळेपर्यंत थांबले. मग जिभेनं सगळीकडे चाचपून पाहिलं, हिरडीशी, कवळीखाली. काही उरलेलं नव्हतं. त्यांनी फोन उचलला.

"येतोय," ते म्हणाले. "जेवण चाललंय तिचं."